बैठकीतला खटका

भैंसा गावात कार्तिकापासून सरकीचा वास सुरू होतो तो फाल्गुनापर्यंत कपड्यांतून जात नाही. त्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंगचं इंजिन सकाळपासून रात्री उशिरापर्यंत धडधडत असे. एका साली जिनिंगवाल्या शेठजींनी त्याच इंजिनाला डायनामो जोडून आपल्या बंगल्यात विजेचे दिवे लावले, आणि पुढच्या हंगामात मर्जीतल्या चार घरांना तार ओढून दिली. निजामी अमदानीची ती शेवटची वर्षं होती. तालुक्याच्या कचेरीतसुद्धा तेव्हा कंदीलच जळत.

नागोराव पटवाऱ्यांच्या घरी वीज आली ती शेठजींच्या मर्जीने. पटवाऱ्याची मर्जी शेठजींनाही लागत असे, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

जिनिंगचा वामन मिस्तरी एका सकाळी खांद्यावर तारेचं वेटोळं आणि काखेत सागवानी फळी घेऊन आला. फळीवर चिनी मातीच्या दोन पांढऱ्या वाट्या बसवलेल्या होत्या आणि मधोमध एक काळी लोखंडी पेटी होती. पेटीच्या कुशीतून पितळी मुठीची दांडी बाहेर आलेली. दांडी वर केली की घरभर वीज, खाली पाडली की सगळं बंद. हाच मोठा खटका. फळीला मिस्तरीने रोगण दिलेलं होतं, त्यामुळे ती आरशासारखी चमकत होती.

“कुठं ठोकू, रावसाहेब?” मिस्तरीने विचारलं.

नागोरावांनी बैठकीभर नजर फिरवली. समोरच्या भिंतीला त्यांची गादी होती, तक्के होते, पानाचा डबा होता. येणारा माणूस उंबऱ्यातून आत आला की त्याची पहिली नजर तिथंच जायची.

“हितं,” ते म्हणाले. “गादीच्या वर. माह्या डोक्यावर.”

“गादीच्या वर तं... खटका पाडाले गादीवर चढा लागंल.”

“मंग चढू ना. गादी का परक्याची हाय?”

“तसं नाही. समोर जागा मोकळी असली तं बरं असते, असं शेठजीचे इंजिनवाले साहेब म्हणतात.”

“ते साहेब आपल्या बंगल्यात म्हणतीन. आमच्या घरी गिरदावर साहेब येतात, तहसीलातले लोक येतात. त्याइले दिसलं पाहिजे का नाही? का मोरीजवळ ठोकू?”

मिस्तरी हसला. आतून वांग्याच्या भरिताचा वास येत होता आणि त्याला जेवूनच जायचं होतं. त्याने खिळे काढले.

पडद्याआड माजघरात चारुशीला उभी होती. ती या घराची सून, नागोरावांच्या मुलाची, उद्धवची बायको. लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती वाढली सिकंदराबादेला, रेल्वेच्या क्वार्टरात. तिचे वडील गोपाळराव तिथं कारकून होते. क्वार्टरात वीज होती, आणि मोठा खटका मागच्या दाराशेजारी, येता-जाता हात पोचेल असा होता. गोपाळरावांना दुसऱ्या कशाची फारशी शिस्त नव्हती, पण त्या खटक्यापुढे ते पाटसुद्धा ठेवू देत नसत. एकदा आईने तिथं तांदळाचा डबा ठेवला, तर तो हलेपर्यंत ते पानावर बसले नाहीत. जेवताना ते मुलीला विचारत, “चारू, धूर आला तर?” ती म्हणे, “खटका.” “कुणाला धक्का बसला तर?” “खटका. हात नाही लावायचा, आधी खटका.” तिला तो खेळ वाटायचा.

तिने उद्धवला आत बोलावलं. उद्धव वडिलांच्या हाताखाली पटवारीगिरीचं काम शिकत होता. चांगला शिकलेला, हळू बोलणारा, आणि वडिलांसमोर उभा राहिला की खांद्यात मान घालणारा.

“अहो, तो खटका तिथं नको. बैठकीत माणसं बसलेली असतात. आम्ही बायका तिथं जायच्या कशा? सगळ्या घराची तार मागं, स्वयंपाकघर मागं, पाणी मागं, आणि खटका पुढं. मागच्या दाराजवळ बसवायला सांगा ना.”

“सांगतो,” उद्धव म्हणाला आणि बाहेर गेला. पडद्याआडून तिला दिसलं की तो वडिलांच्या शेजारी जरा वेळ उभा राहिला, फळीकडे पाहून “छान दिसते” म्हणाला, आणि ओसरीवर निघून गेला.

चुलीपाशी बसलेल्या रेणुकाबाई हसल्या. “त्याले काऊन सांगतं वं? तो बापाले सांगणार? लहानपणी भूक लागली तरी मलेच सांगे, का आबाले सांग मले भूक लागली म्हून.”

रेणुकाबाई म्हणजे सासूबाई. तोंडाने तिखट, पण सुनेच्या ताटात आपल्या वाटणीची साय घालणाऱ्या. चारुशीला त्यांना आत्याबाई म्हणे.

“मग तुम्ही सांगा ना, आत्याबाई.”

“मी? माह्या सांगण्यानं ते मोरीजवळची ठोकतीन ती बैठकीत अन् बैठकीतली ठोकतीन ती माळवदावर. जाऊ दे. कंदिलाच्या काचा पुसाचं गेलं, तेवढं काय कमी हाय?”

फळी गादीच्या वरच ठोकली गेली. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा गल्लीतले लोक ओसरीपर्यंत येऊन पाहून गेले. नागोराव गादीवर, डोक्याच्या वर ती चकचकीत फळी, आणि दांडीची पितळी मूठ. रोज संध्याकाळी स्वतः गादीवर उभं राहून ते दांडी वर करत आणि कुणी पाहुणा असला की क्षणभर तशीच मूठ धरून उभे राहत. निजताना ती पाडायची आठवण मात्र रोज राहत नसे.

पंधरवडा असाच गेला असेल. एका संध्याकाळी गिरदावर साहेब मुक्कामाला आले होते. हे महसुलाचे अधिकारी, गावोगाव पीकपाणी पाहत फिरणारे. बैठकीत चहा चालला होता. आत रेणुकाबाई फोडणी देत होत्या आणि चारुशीला पोळ्या लाटत होती. डोक्यावरचा दिवा छताच्या ज्या लाकडी बुडख्यातून टांगलेला होता, त्यात एकदम चुरचुर झालं. एक पाल आत शिरलेली होती. ठिणग्या उडाल्या, काळा धूर निघाला आणि छतावरून जाणारी कापडी वेष्टनाची तार धुमसायला लागली. ती तार तिथून कापसाच्या खोलीत जात होती. त्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत आढ्याला भिडेल इतका भरून ठेवलेला होता.

चारुशीला उठली ती थेट पडदा सारून बैठकीत. लाटणं हातातच होतं. ती गादीवर चढली, एक पाय तक्क्यावर पडला, पदर नागोरावांच्या डोक्याला लागून त्यांचा रुमाल खाली पडला. तिने दांडी पाडली. घर अंधारात बुडालं.

अंधारात कप फुटल्याचा आवाज आला. “अरे भई, ये क्या हुआ? डाका पडा क्या?” गिरदावर साहेब ओरडले.

कंदील आला तेव्हा चारुशीला पडद्याआड गेलेली होती. आत तार धुमसायची थांबली होती. रेणुकाबाई छताकडे बघत उभ्या होत्या. “बाई गं,” त्या एवढंच म्हणाल्या.

साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी हसण्यावारी नेलं. पण ते ओसरीवर हात धुवायला गेले तेव्हा नागोराव माजघरात आले. रुमाल अजून त्यांच्या हातातच होता.

“सकाळच्या गाडीनं हिले हिच्या बापाकडं पोचव,” ते उद्धवला म्हणाले. “पाय देते! माह्या गादीवर, माह्या डोक्यावर पाय देते, तेबी गिरदावरासमोर! रेल्वेच्या चाळीत वाढलेलीले का कळणार गादी म्हंजे काय असते?”

“आबा, आत जाळ झाला होता,” उद्धव पुटपुटला.

“मंग हाक माराले काय झालं होतं? आमी का मेलो होतो तिथं? दारात उभं राहून हाक मारावं. आमी पाडतो खटका.”

“हाक मारून तुम्ही उठेपर्यंत तार कापसात गेली असती, मामंजी,” चारुशीला म्हणाली. सासऱ्यांना ती पहिल्यांदाच असं समोरून उत्तर देत होती.

“ऐकलं? वर तोंड करून बोलून राह्यली. उद्धव, पेटी बांध हिची.”

उद्धवने पेटी बांधली नाही, आणि नाही बांधत असंही म्हटलं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला. तेव्हा रेणुकाबाई मधे आल्या. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“म्हण,” त्या म्हणाल्या, “त्या गादीवर पुन्हा पाय देणार नाही.”

“देणार नाही.”

“असं नाही. पुरं म्हण. देईन तं सासूचं मेलं तोंड पाहीन.”

चारुशीलाने हात काढून घ्यायला पाहिलं. “असं नका हो म्हणायला लावू, आत्याबाई. काहीही बोलायला लावा, हे नको.”

“म्हण वं! मले काय होते? मी का मरून राह्यली एवढ्यात? तू गेली तं पोळ्या कोण लाटंल, मी? गुडघे गेले माहे.” आणि मग हळू आवाजात, “म्हण पोरी. एवढं म्हटलं का ते गप बसतीन. मले माहीत हाय ना.”

ती म्हणाली. सासूच्या केसांत तेल होतं, तिच्या बोटांना लागलं. नागोरावांनी ऐकलं, रुमाल बांधला आणि साहेबांपाशी जाऊन बसले. आण घेतल्यावर त्या घरात विषय संपत असे. आणेला कुणी हसत नसे, नागोरावसुद्धा नाहीत. त्यांच्या वाडवडिलांनी शेतांच्या बांधांचे तंटे अशाच आणा घालून मिटवलेले होते.

दुसऱ्या दिवशी वामन मिस्तरी आला. पाल काढली, जळलेला तुकडा बदलला. निघताना उरलेली लोखंडी तार तो गुंडाळत होता, तेव्हा रेणुकाबाईंची नजर तिच्यावर गेली.

“ती फेकून देणार का, मिस्तरी?”

“कामाची नाही ही, बाईसाब. पत्र्याले बांधाची उरली हाय.”

“मंग माही वलणी बांधून दे ना. दोरी लोंबते मेली, लुगड्याचं टोक भुईले लागते अन् सारं सोवळं बाटते. पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा.”

मागच्या पडवीत, न्हाणीजवळ, उंचावर सोवळ्याच्या लुगड्याची वलणी होती. सकाळी न्हाल्यावर रेणुकाबाई लुगडं धुवून ओलंच काठीने त्या वलणीवर टाकत. कुणाचा हात पोचू नये म्हणून ती उंच. वाळलं की तेच नेसून दुसऱ्या दिवशी देवाचा नैवेद्य शिजायचा. मिस्तरीने दोरी काढून लोखंडी तार ताणून बांधली. एक टोक खांबाला, आणि दुसरं, खिळा मारायला जागा नव्हती म्हणून, भिंतीवरून विजेची तार नेणारी जी लाकडी पट्टी होती तिच्या खिळ्याला.

चारुशीला तांब्या घेऊन चालली होती, ती थांबली. “आत्याबाई, ती पट्टी विजेची आहे. तिथं नका बांधू. त्यावर ओलं कापड टाकणार तुम्ही.”

“वीज पट्टीत हाय. तार लोखंडाची हाय. का वो मिस्तरी?”

“काई होत नाही. आतल्या तारेले रबर हाय, वरून कापड हाय,” मिस्तरी म्हणाला. “उंदरानं कुरतडली तं गोष्ट येगळी.” आणि स्वतःच्या बोलण्यावर हसून त्याने हत्यारं गोळा केली.

“पहा, मिस्तरीलेच कळत नाही, हिले कळते,” रेणुकाबाई म्हणाल्या, पण लाडाने. नवी वलणी कशी सरळ आहे ते त्यांनी काठीने वाजवून पाहिलं.

चारुशीलाने त्या तारेला हात लावायचा प्रश्न नव्हता. ती तार सोवळ्याची होती. तिने उद्धवला सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही, एखादं काम समजावून द्यावं तसं तिने सांगितलं. “दोन गोष्टी करा. वलणीचं टोक दुसरीकडं बांधा. आणि खटका मागच्या दाराशी आणा. त्या रोज ओल्या अंगानं तिथं उभ्या असतात. काही झालं तर मी काय करू? मला गादीवर पाय ठेवता येत नाही. आण घातली आहे.”

“बरोबर आहे तुझं,” उद्धव म्हणाला. त्याला ते खरंच पटलं होतं. “वलणीचं बघतो. खटक्याचं आबांशी आत्ता नको. हंगाम संपू दे. तेव्हा इंजिन बंदच असतं, मिस्तरीलाही सवड असते. मग मी विषय काढतो.”

“आणि तोवर?”

“तोवर जपायचं.”

वलणीचं त्याने एकदा पाहिलंही. पट्टीपर्यंत पोचायला शिडी लागत होती आणि शिडी शेतावर होती.

चारुशीला जपू लागली. सासू न्हाणीतून बाहेर आली की ही काहीतरी काम काढून पडवीच्या दारात बसे. तांदूळ निवडी, वाती वळी. “काऊन माह्या मागं मागं फिरून राह्यली वं?” रेणुकाबाई विचारत. “माह्या मरणाची वाट पाहतं का? किल्ल्या पाहिजे तं आताच घे.” आणि कमरेची जुडगी खुळखुळवून दाखवत. चारुशीला हसे. तिला हसू येत नसे, पण हसे.

पौषात चार दिवस अवकाळी आभाळ आलं. पाऊस नव्हता, नुसता दमटपणा. काहीच वाळेना. त्या सकाळी जिनिंगचं इंजिन नेहमीसारखं सुरू झालं होतं, आणि खटक्याची दांडी आदल्या रात्रीपासून वरच राहिलेली होती. बैठकीत गिरदावर साहेब आले होते, शेठजींचे मुनीम होते, कुठल्याशा शिवाराच्या मोजणीवरून बोलणं चाललं होतं. नागोराव गादीवर होते. खाली सतरंजीवर उद्धव कागद घेऊन बसला होता.

मागे रेणुकाबाईंचं ओलं लुगडं काठीवरून नीट पडलं नाही. वलणीवर गोळा होऊन अडकलं. काठीने ढकललं तरी सुटेना. त्यांनी तांब्याचं घंगाळ पालथं घातलं, त्यावर चढल्या, आणि हाताने लुगडं ओढायला म्हणून वलणीची तार धरली.

चारुशीला दारातच होती. तिला आधी कळलं नाही, कारण सासूबाई ओरडल्या नाहीत. फक्त ताठ झाल्या. मूठ तारेवर मिटलेली, तोंड उघडं, आणि घशातून एक बारीक आवाज, चक्कीच्या पट्ट्यासारखा. पायाखालचं घंगाळ ओल्या फरशीवर थरथरत होतं.

तिने काठी उचलली. काठी पाण्याने निथळत होती. ती तिने टाकली. हात नाही लावायचा, आधी खटका. ती धावली.

माजघर ओलांडून ती पडद्यापाशी आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिला तसंच सांगितलेलं होतं.

“मामंजी, खटका पाडा! आत्याबाई...”

नागोरावांनी तिच्याकडे न बघता तळहात वर केला. थांब, या अर्थी. साहेबांचं वाक्य अर्धं होतं.

“अहो, खटका! खटका पाडा, आत्याबाई तारेला चिकटल्या!”

इंजिनाची धडधड बैठकीतही येत होती. मुनीम काहीतरी मोठ्याने सांगत होते. शेवटचे शब्द कुणाला कळले, कुणाला नाही, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. उद्धव मात्र अर्धवट उठला. एक गुडघा वर, एक सतरंजीवर. त्याने वडिलांकडे पाहिलं.

“बैस,” नागोराव म्हणाले. “पाल असंल पुन्हा.” आणि साहेबांकडे वळून हसत, “हमारी बहू को बिजली का बहुत डर है, साब. शहर की है.”

साहेब भिडेखातर हसले. “डरना भी चाहिए, पटवारी साब.”

उंबऱ्यापासून गादी तीन-चार पावलांवर होती. ती पावलं चारुशीलाला टाकता आली नाहीत. देईन तं सासूचं मेलं तोंड पाहीन. हे शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले होते, त्याच डोक्यावर हात ठेवून. पाय दिला तर सासू मरेल. नाही दिला तर मरते आहे. रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेल्या बाईने अशा वेळी क्षणभरही थांबू नये, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण ती वर्षभर या घरातही वाढली होती. ती थांबली. किती वेळ, कुणास ठाऊक. नागोरावांना पान जुळवून तोंडात घालण्याइतका वेळ मिळाला.

मग ती गेली. साहेबांच्या आणि मुनिमांच्या मधून, गादीवर, तक्क्यावर. दांडीची पितळी मूठ तिने दोन्ही हातांनी खाली ओढली.

दिवस असल्यामुळे दिव्यांची बटणं बंदच होती, म्हणून काही विझलं नाही, काही दिसलं नाही. बैठकीतल्या माणसांना दिसली ती फक्त गादीवर उभी असलेली सून. आणि त्याच क्षणी मागून घंगाळ कोसळल्याचा मोठा आवाज आला. तांब्याचं भांडं फरशीवर आपटून गरगरत राहतं तसा.

ती पोचली तेव्हा रेणुकाबाई फरशीवर आडव्या होत्या. हाताच्या तळव्यावर तारेची काळी रेघ उमटलेली होती. लुगडं वलणीवर तसंच लोंबत होतं. चारुशीलाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या, छाती चोळली. डॉक्टर आणायला माणूस पळाला. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सुतकात माणसं येत राहिली. नागोराव बैठकीत बसून सांगत. ते खोटं सांगत नव्हते. त्यांनी जे पाहिलं आणि ऐकलं तेच सांगत होते. “आण घातली होती हो उद्धवच्या मायनं स्वतः. माह्यासमोर घातली. सुनेनं गादीवर पाय देला, अन् तिकडं घंगाळ वाजलं. गिरदावर साहेब होते, मुनीम होते, इचारा त्याइले. पाय पडला अन् आवाज आला.” साहेबांना विचारलं तेव्हा तेही म्हणाले की हो, तसंच झालं, पहिल्यांदा बहू चढली आणि मग आवाज आला.

नागोरावांची विधवा बहीण भागाबाई बोथहून आली होती. ती माजघरात बसून येणाऱ्या बायकांना सांगे. “आण मोडाची नसते बाई. माहेरी शिकवलं नसंल. आमच्या वहिनीनं हिले वाचवाले आण घातली, अन् हिनं तिलेच खाल्लं.”

चारुशीला तिथंच भांडी विसळत असे. एकदा तिने मान वर केली. “आत्या, मी पाय दिला म्हणून घंगाळ वाजलं नाही. खटका पडला म्हणून त्यांचा हात सुटला, हात सुटला म्हणून त्या पडल्या. मी आधी गेले असते तर...”

“मंग काऊन नाही गेली आधी?” भागाबाईने विचारलं.

चारुशीलाकडे उत्तर होतं, पण त्या घरात ते सांगायचं म्हणजे मेलेल्या बाईवर दोष घालायचा, किंवा गादीवर. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

“पहा,” भागाबाई म्हणाली. “आधी जायची तेव्हा गेली नाही, जायची नव्हती तेव्हा गेली.”

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. पडवीत पुन्हा दोरीची वलणी आली. लोखंडी तार कुणी काढून नेली ते चारुशीलाला कळलं नाही. जिनिंगचं इंजिन सुरूच होतं, हंगाम संपायला अवकाश होता. नागोराव संध्याकाळी गादीवर उभे राहून दांडी वर करत. फक्त आता मूठ धरून थांबत नसत.

एका दुपारी उद्धव पडवीत आला. चारुशीला न्हाणीच्या फरशीवर लुगडं पिळत होती. सोवळ्याचा स्वयंपाक आता तिच्याकडे आला होता.

“तुला वाईट वाटत असेल,” तो म्हणाला. “लोक बोलतात त्याचं.”

“तुम्हाला माहीत आहे ना, काय झालं ते?”

“माहीत आहे.”

“मग सांगा ना एकदा. मोठ्यानं. बैठकीत.”

“आबांना सांगू? आता? त्यांचं वय बघ. आई गेली आहे त्यांची... म्हणजे माझी आई. त्यांचं माणूस गेलं आहे. त्यांना मी सांगू की तुम्ही हात वर केलात म्हणून गेली? मी उठलो होतो, चारू. तू पाहिलंस ना, मी उठलो होतो.”

“अर्धे उठला होतात.”

तिने लुगड्याचा दुसरा पीळ घातला. पाणी फरशीवरून मोरीकडे गेलं.

“ते राहू द्या,” ती म्हणाली. “माझ्याबद्दल काही सांगू नका. पण तो खटका तरी हलवा. मागच्या दाराशी आणा. ही भिंत मोकळी आहे, इथं पुढं काही ठेवणार नाही मी.”

उद्धवने त्या भिंतीकडे पाहिलं. तो खरोखरच विचार करत होता. बैठकीतून नागोरावांची हाक आली, कुणीतरी आलं होतं, कागद हवे होते.

“आता कशाला?” तो निघता निघता म्हणाला. “आता मागं कोण आहे? आई नाही.”

“मी आहे,” चारुशीला म्हणाली.

“तू काय, तुला सगळं माहीत आहे विजेचं. तू जपशील,” उद्धव म्हणाला, आणि वडिलांची दुसरी हाक यायच्या आत बैठकीत गेला.

तिने ओलं लुगडं काठीवर घेतलं.